आकड्यावर चूल पेटत नाही

बेकारीने गांजलेल्या तरुणाला आज एक नवा उपदेश ऐकवला जात आहे: नोकरी नसेल तर डोके चालवा, पैसा लावा आणि घरबसल्या कमवा! कोलकात्याच्या पूर्वेस, राजारहाटच्या शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या न्यू टाउनमध्ये संगणक कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती आहेत; आणि त्याच बंगालमध्ये रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर लॉटरीची तिकिटे राजरोस विकली जातात. पदवीधर वायदेबाजारात नशीब शोधतो, पहारेकरी तिकिटात. परंतु जुगार हे उपजीविकेचे साधन होऊ शकते काय?

मराठी कामगाराला याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावाने पूर्वीच दिले आहे. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी मटका चालवला. त्याचा हिशेब साधा होता. आकडे दहा, लागलेल्या आकड्यास रुपयाला नऊ रुपये. दहा कामगारांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर जमा दहा आणि परत नऊ. उरलेला रुपया धंदेवाल्याचा! ज्याला आकडा लागला, त्याचे नऊ रुपयेही सोबत्यांच्याच खिशातून आलेले. जुगार नवी संपत्ती निर्माण करीत नाही. तो मजुरीची फेरवाटणी करतो आणि प्रत्येक फेरीस आपली दलाली कापतो.

‘मटका नशिबाचा होता, आमचा खेळ कौशल्याचा आहे,’ असे सुशिक्षित सटोडिया म्हणतो. त्याने ‘सेबी’चा 2024 चा अहवाल वाचावा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का! एक लाख म्हणजे तीन वर्षांच्या हिशेबाने महिना तीन हजारही नव्हे. यालाच रोजगार म्हणावयाचे काय?

मग कमावतो कोण? निवडणूक आयोगाने मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली माहिती पाहावी. लॉटरीच्या धंद्यातील फ्युचर गेमिंग या कंपनीने 1,368 कोटी रुपयांचे निवडणूक रोखे विकत घेतले होते. त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे 542 कोटी, बंगालमधील तत्कालीन सत्ताधारी तृणमूल काँग्रेसला मिळाला. टपरीवरील सुट्ट्या पैशांची ही वाट आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली. हे योग्यच झाले. परंतु एक दार बंद करून लॉटरीचे आणि वायद्याचे दार उघडे ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. आणि हाताला काम नसेल तर बंदी घातलेले दारही चोरवाटेने उघडते. जुगाऱ्याला शिव्या देऊन भागणार नाही. त्याच्या हाताला काम आणि कामाला पुरेसा दाम मागितला पाहिजे. चूल पेटते ती श्रमाच्या मोबदल्यावर. आकड्यावर पेटते ती फक्त आकडेवाल्याची!