दुकानदाराविना वाणसामान

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा अनेक व्यवसायांतील तरुण-तरुणींना त्यातून तिकडची वाट खुली होईल अशी अपेक्षा आहे. विद्यार्थ्यांचा ओघ तर आधीपासूनच आहे. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे 49 हजार भारतीय शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वाधिक होती. या सगळ्यांची तयारी भाषा, व्हिसा आणि भाड्याची खोली या तीन गोष्टींभोवती फिरते. पहिल्याच आठवड्यात दारात येऊन उभा राहणारा चौथा विषय सहसा कुणी शिकवत नाही. तो विषय म्हणजे वाणसामान कसे भरायचे.

वरवर पाहता यात शिकण्यासारखे काही वाटत नाही. पण आपल्याकडची खरेदी नीट पाहिली, तर तिच्यात बरीच माणसे राबताना दिसतात. आपल्या घरी कोणता तांदूळ लागतो हे किराणा दुकानदाराला पाठ असते, महिनाअखेरीस तो वहीवर उधारी मांडतो आणि पोऱ्याच्या हाती सामान घरपोच करतो. भाजीवाली कोवळी भेंडी निवडून देते. गिरणीवाल्याला दळण बारीक हवे की भाकरीचे, हे सांगावे लागत नाही. या सेवांचे वेगळे पैसे आपण मोजत नाही, म्हणून त्या आहेत हेही लक्षात येत नाही.

या सेवा दोन आधारांवर उभ्या असतात: स्वस्त श्रम आणि जुनी ओळख. नव्याने जर्मनीत गेलेल्या माणसाकडे ओळख नसते आणि तिथे श्रम स्वस्त नाहीत. 2025 मध्ये तेथील किमान वेतन ताशी 12.82 युरो होते. त्यामुळे कामगाराचे एक मिनिट वाचवता आले तरी दुकान ते वाचवते, आणि ते काम गिऱ्हाइकाकडे जाते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘डिस्काउंटर’, म्हणजेच मोजका माल कमी भावात विकणारी साखळी दुकाने. एसेन शहरातील आईच्या छोट्या दुकानाचा कारभार हाती घेऊन कार्ल आणि थिओ अल्ब्रेख्ट या भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘आल्डी’चा विस्तार केला. तिची मोठी प्रतिस्पर्धी ‘लिडल’ हिचे मुख्यालय बाडेन-व्युर्टेम्बर्गमधील नेकार्झुल्म येथे आहे. या दुकानांत बराचसा माल ज्या खोक्यांतून येतो त्याच खोक्यांत मांडलेला असतो. प्रत्येक जिनसाचे मोजकेच प्रकार असतात आणि त्यांपैकी बहुतेक दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकले जातात. ट्रॉली सोडवायला नाणे घालावे लागते. ते परत मिळवायचे तर ट्रॉली गिऱ्हाइकानेच जागेवर नेऊन लावायची.

गल्ल्यावरचा वेगही याच हिशेबाचा भाग आहे. वेष्टनावर बारकोड मोठा आणि अनेकदा एकाहून अधिक बाजूंना छापलेला असतो, म्हणून बसून काम करणारी कर्मचारी वस्तू न फिरवता पुढे सरकवत जाते. पिशवी भरून देणारा कुणी नसतो. सामान भराभर ट्रॉलीत टाकायचे आणि बाजूच्या फळीवर जाऊन सावकाश पिशव्या भरायच्या, अशी तिथली रीत आहे. नवख्याला ही घाई तुसडेपणाची वाटते. प्रत्यक्षात तिचा संबंध स्वभावाशी कमी आणि मजुरीच्या दराशी अधिक आहे.

मग दुकानदार जे ज्ञान पुरवत असे, ते कुठून मिळते? ते कायद्याने सक्तीच्या केलेल्या छापील मजकुरातून मिळते. सुरुवात किमतीपासून करू. आपल्याकडे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे ‘एमआरपी’, छापलेली असते आणि त्याहून अधिक कुणी घेऊ शकत नाही. जर्मनीत अशी छापील किंमत नसते. पुस्तकांसारखे मोजके अपवाद सोडले, तर उत्पादकाला दुकानाचा विक्रीभाव ठरवून देण्याचीच मनाई आहे. त्यामुळे एकाच कंपनीचे बिस्कीट दोन दुकानांत दोन भावांना मिळते. त्याऐवजी फळीवरच्या चिठ्ठीत भावाखाली बारीक अक्षरांत किलोमागे किंवा लिटरमागे पडणारा दर लिहावा लागतो. अलीकडे आपल्याकडेही पाकिटावर असा एकक दर छापण्याचा नियम आला आहे. तिथे मात्र काटकसरी घराची खरेदी या बारीक ओळीवरच चालते.

दुसरा मजकूर तारखांचा. बहुतेक पदार्थांवर जी तारीख असते ती दर्जाची किमान हमी सांगते. त्या दिवसापर्यंत चव आणि पोत ठरल्याप्रमाणे राहील, इतकाच तिचा अर्थ. ती उलटली म्हणून दही किंवा डाळ टाकून द्यावी लागत नाही. पाहून, हुंगून ठरवता येते. खिम्यासारख्या लवकर नासणाऱ्या मालावर मात्र ‘या दिवसापर्यंत वापरा’ अशी वेगळी तारीख असते आणि ती काटेकोरपणे पाळायची असते. या दोन तारखांतला फरक न कळल्यास एकतर पैसे वाया जातात किंवा पोट बिघडते.

तिसरा मजकूर शाकाहारी कुटुंबांसाठी कळीचा आहे. भारतात हिरवा ठिपका सक्तीचा आहे, युरोपीय संघात तशी सक्ती नाही. काही उत्पादक स्वेच्छेने शाकाहारी चिन्ह छापतात, पण ते नसले म्हणजे पदार्थ मांसाहारी आहे असेही नव्हे. त्यामुळे घटकांची यादी वाचावी लागते. गोळ्या-चॉकलेटांत आणि काही गोड दह्यांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेला घट्टपणा देणारा पदार्थ, असू शकतो. पार्मेसानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले, दूध साकळवणारे विकर असते. ‘बुटरश्माल्त्झ’ हे साधारण आपले तूप, तर ‘श्वाइनेश्माल्त्झ’ ही डुकराची चरबी. दोन्ही नावांचा शेवट सारखाच असल्याने घाईत नजर फसू शकते.

सर्वाधिक निराशा पदरात टाकते ते पीठ. जर्मन पिठाच्या पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. शंभर ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, ते हा आकडा सांगतो. राख मुख्यतः कोंड्यातील खनिजांची असते, म्हणून आकडा जितका मोठा तितका पिठात कोंडा अधिक. 405 आपल्या मैद्याच्या जवळचे. संपूर्ण गव्हाच्या पिठाला आकडा नसतो, त्यावर ‘फोलकोर्न’ असे लिहिलेले असते.

पण फोलकोर्न आणले तरी घडीची पोळी मऊ होत नाही, कारण फरक दळण्यातही आहे. आपल्या जात्यावर किंवा चक्कीत गहू दोन दगडांमध्ये भरडला जातो. त्या दाबाने आणि उष्णतेने पिठातील स्टार्चचे कण तडकतात आणि जास्त पाणी धरून ठेवतात. पोळीचा मऊपणा मुख्यत्वे या पाण्यामुळे येतो. रुळांच्या गिरणीत दाण्याचे थर सोलून वेगळे केले जातात. तिथे स्टार्च कमी तडकतो, म्हणून कणीक पाणी कमी पिते आणि पोळी गार होताच वातड होते. फोलकोर्नमध्ये 550 मिसळून, गरम पाण्यात भिजवून कणीक जास्त वेळ मुरू दिली तर थोडा फरक पडतो. नाहीतर आशियाई दुकानातून चक्कीचा आटा आणावा.

इतर बाबतींत मात्र स्वयंपाकघर वाटते त्यापेक्षा लवकर जुळते. मसूर डाळ साध्या सुपरमार्केटात मिळते. तिथला गव्हाचा रवा उपमा-शिऱ्याला चालतो. ‘क्वार्क’ हे ताजे मऊ चीज चक्क्याच्या इतके जवळ जाते, की परदेशी मराठी घरांत श्रीखंड बहुधा त्याचेच होते. पूर्ण दुधात किमान साडेतीन टक्के स्निग्धांश असतो, पण ते एकजीव केलेले असल्याने त्यावर जाड साय धरत नाही. सायीचे विरजण लावून लोणी काढणाऱ्यांना त्यासाठी वेगळी मलईच आणावी लागते.

हिरव्या भाजीचा प्रश्न तुर्की दुकानदारांनी सोपा केला आहे. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. त्यानंतर आलेल्या कुटुंबांनाही स्वतःच्या घरची भाजी हवी होती. त्या गरजेतून उभ्या राहिलेल्या दुकानांत आज कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, पुदिना, भेंडी, वांगी आणि छोले मिळतात. पूर्वी आलेल्या स्थलांतरितांनी घातलेला हा पाया आता आपल्याही उपयोगी पडतो आहे.

वेळापत्रकही बदलावे लागते. रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानके, पेट्रोलपंप, काही तासांपुरत्या बेकऱ्या हे अपवाद. 1919 च्या वायमार राज्यघटनेने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले आणि 1949 च्या राज्यघटनेने ते कलम जसेच्या तसे कायम ठेवले. दुकाने किती वाजता बंद व्हावीत हे 1956 च्या केंद्रीय कायद्याने ठरवले होते. 2006 नंतर तो अधिकार राज्यांकडे गेला. ईस्टरच्या आठवड्यात गुड फ्रायडेला दुकाने बंद, शनिवारी उघडी आणि पुन्हा रविवार-सोमवार बंद. त्या शनिवारी दुकानांत उसळणारी गर्दी यामुळेच असते.

आणखी एक हिशेब बाटल्यांचा. 2003 पासून एकदाच वापरायच्या पेयबाटल्यांवर आणि डब्यांवर 25 सेंट अनामत घेतली जाते. फळीवरच्या भावात ती धरलेली नसते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि तेवढी रक्कम बिलातून वजा होते. बाटली चुरगळून टाकायची आपली सवय इथे अंगाशी येते, कारण चिन्ह वाचता न आल्यास यंत्र ती नाकारते.

‘घरून सगळे घेऊन जाऊ’ हा उपाय कायद्यानेच बंद केला आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि खवा बाद. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन सोडून ताजी फळे आणि भाज्या आणायच्या तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. परक्या किडींचा आणि रोगांचा शिरकाव रोखणे हा त्यामागचा हेतू. याच कारणाने 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा, वांगी, अळू, कारले आणि पडवळ यांच्या आयातीवर बंदी घातली होती. तिचा फटका कोकणच्या हापूसला बसला. तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली. दळलेले मसाले आणि पापड नेणे त्यामानाने निर्धोक.

आता या साऱ्याचे मोल करता येईल. जर्मन व्यवस्था ओळख मागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. काल आलेल्या परक्याला आणि चाळीस वर्षे राहिलेल्या शेजाऱ्याला एकच भाव, एकच वजन आणि एकच माहिती मिळते. बदल्यात ती वाचायला आणि स्वतः राबायला लावते. चूक झाली तर सांगणारे कुणी नसते, आणि महिनाअखेरीची उधारीही नसते. आपल्या व्यवस्थेत याच्या उलट घडते. ती माणसाला सांभाळून घेते, पण फक्त ओळखीच्या माणसाला.

नवख्याची चूक बहुधा दोन टोकांना होते. काही जण पगार युरोत आणि मनातला हिशेब रुपयांत ठेवून स्वस्त गोठवलेल्या पिझ्झावर दिवस काढतात. काही जण दूध-बटाट्यांसह सारे भारतीय दुकानातूनच आणून खर्च वाढवतात. शहाणपणाची वाटणी सोपी आहे. दूध, कांदे-बटाटे, मसूर आणि रवा डिस्काउंटरमधून, पालेभाजी तुर्की दुकानातून, आणि आटा, तूरडाळ व मसाले तेवढे आशियाई दुकानातून घ्यावेत.

ही वाटणी प्रत्येकाने पैसे आणि उमेद खर्चून नव्याने शोधण्याचे कारण नाही. करारानुसार जाणाऱ्यांना जर्मन भाषेचे शिक्षण दिले जाणारच आहे. त्या वर्गांत काल्पनिक संवादांच्या जोडीला खरी लेबले, भावाच्या चिठ्ठ्या आणि दुकानांची साप्ताहिक जाहिरातपत्रके वाचायला दिली, तर वेगळा खर्च न करता भाषाही पक्की होईल आणि व्यवहारही कळेल. परदेशातील महाराष्ट्र मंडळांनी नवागतांसोबत पहिल्या खरेदीला एक अनुभवी माणूस पाठवावा. दिवसभर राबून आलेल्या परिचारिकेला रात्री नीट जेवता आले नाही, तर ती त्या देशात टिकेल का, हा प्रश्न करार करणाऱ्या दोन्ही सरकारांचाही आहे.