धक्क्याला बांधलेली सुरक्षा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमारनगरात रबरी होडीतून उतरलेल्या दहशतवाद्यांना प्रथम हटकले ते तेथील कोळी बांधवांनी. कराचीपासून येथवरच्या समुद्रात त्यांना कोणीही अडविले नव्हते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली, त्यालाही तेव्हा पंधरा वर्षे उलटून गेली होती.

सागरी सुरक्षा योजना २००५ मध्येच आखली गेली होती. २६/११ नंतर तिला वेग आला. सागरी पोलीस ठाणी उभी राहिली, १२ टनी आणि ५ टनी वेगवान नौका दाखल झाल्या, मंत्रिमहोदयांच्या हस्ते त्यांचे जलावतरण झाले. प्रश्न त्यानंतरचा आहे. इंधन, दुरुस्ती आणि प्रशिक्षित खलाशी यांअभावी नौका धक्क्यालाच बांधून राहिल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत.

नौका म्हणजे पाण्यावरची जीप नव्हे. जीप बंद पडली तर रस्त्याकडेला उभी राहते. इंजिन बंद पडलेली नौका भरतीच्या ओढीने खडकावर जाते. खारे पाणी धातू खाते, तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतो. मग वेग घटतो, इंधन मात्र वाढते. इंजिनाचे तास मोजून तेल आणि सुटे भाग बदलावे लागतात, तळ खरवडण्यासाठी नौका पाण्याबाहेर काढावी लागते. एवढ्यासाठी प्रत्येक वेळी नस्ती मंत्रालयापर्यंत फिरणार असेल, तर गस्त कागदावरच घातली जाणार! सारंग आणि इंजिनचालक कंत्राटी, तर सोबतचा शिपाई घाटावरचा, पहिल्या लाटेलाच मळमळणारा. यात दोष त्या शिपायाचा नव्हे, त्याला तेथे धाडणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च बंदराच्या अनिश्चित मिळकतीवर न सोडता मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, अन्यथा व्यापाऱ्यांना उपद्रव होतो, असे त्यात बजावले आहे. तीन शतकांपूर्वी जे उमगले होते, ते आजच्या अर्थसंकल्पात का उमटू नये? नौका खरेदी करतानाच तिच्या आयुष्यभराच्या देखभालीची तरतूद निश्चित झाली पाहिजे, आणि सुटे भाग घेण्याचा अधिकार ठाण्याजवळच्या अधिकाऱ्याला मिळाला पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतहून निघालेले तिघे भारतीय एका नौकेतून थेट मुंबईजवळ पोहोचले. पोलिसांच्या गस्ती नौकेने त्यांना अडविले, ही समाधानाची बाब. पण ते पळून आलेले गरीब मच्छीमार होते, आणि अडविले गेले तेव्हा मुंबई हाकेच्या अंतरावर होती.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोळी आपली होडी ओढून घेतो, तळ घासतो, रंग देतो, इंजिन उघडतो आणि हंगाम सुरू होताच दर्यात लोटतो. त्याच कोळीवाड्यांतील तरुणांना सागरी पोलिसांत कायम नेमणूक देण्यास शासनाला अडचण कोणती?