काश्मीरचे संगीत आणि गायकाचा शिधा

काश्मीरचा विषय निघाला की आपल्याकडे लष्कर, सरहद्द आणि घटनेतील कलमे यांचीच चर्चा होते. तेथील माणूस काय गातो आणि त्या गाण्यावर त्याची चूल पेटते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. संस्कृतीच्या नावाने गळा काढणारे पुष्कळ आहेत. परंतु संस्कृतीही कोणाच्या तरी श्रमावर उभी असते, याचा त्यांना विसर पडतो.

काश्मीरच्या संगीतपरंपरेशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. पुढे इराण व मध्य आशियातून आलेल्या मुकामपद्धतीचा काश्मीरच्या भूमीत एतद्देशीय परंपरेशी संयोग झाला आणि सूफियाना मौसिकी आकारास आली. संतूर, साज-ए-काश्मीर, सेहतार आणि तबला घेऊन मंडळी एकत्र बसतात व फारसी आणि काश्मिरी काव्य गातात. गाणारेच वाजविणारेही असतात. हे संगीत कोणा एकाच्या मालकीचे नाही, आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे.

अभिजनांच्या या मैफलीबाहेर कष्टकऱ्यांचे संगीत नांदत होते. रबाब, सारंगी आणि मातीचा घडा यांच्या साथीने रंगणारी चकरी. दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून स्त्रिया गातात ते रऊफ. हिंदू व मुसलमान दोघांच्याही लग्नघरी गायिले जाणारे वनवुन, हे सारे गावाच्या जीवनक्रमाचे अंग होते. लडीशाह नावाचा फिरता गायक लोखंडी सळीतल्या कड्या वाजवीत पूर, दुष्काळ आणि अंमलदारांची जुलूमशाही यांवर उपरोधिक कवने करी. भांड मंडळी सुरनाई व ढोलाच्या गजरात राजाची आणि सावकाराची भर चौकात टिंगल उडवीत. सुगीच्या दिवसांत शेतकरी त्यांच्या पदरात धान्य घालीत. आपल्याकडील बलुत्याशी या व्यवहाराचे साम्य उघड आहे. त्यात कलावंताला पोटापुरते मिळे. प्रतिष्ठा मात्र मिळत नसे.

1950 च्या कायद्याने काश्मीरमधील मोठी जमीनदारी मोबदला न देता संपुष्टात आणली आणि कुळांना जमिनी मिळाल्या. ते पाऊल सर्वस्वी न्याय्य होते. परंतु जुना आश्रयदाता गेल्यावर त्याची जागा समाजाने घ्यावयास हवी. काही काळ रेडिओने ती घेतली. 1948 मध्ये श्रीनगरचे केंद्र सुरू झाले. 1954 मध्ये राज बेगम तेथे गाऊ लागल्या आणि स्त्रीने जाहीरपणे गाणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे, हे घराघरांत पोहोचले. सार्वजनिक संस्था काय करू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

1989 नंतर हिंसाचाराने खोरे ग्रासले. रात्रीच्या मैफली थंडावल्या. बंदुकीच्या धाकाने करमणुकीची दारे बंद झाली. 1990 मध्ये पंडितांना घरे सोडावी लागली आणि एकाच गाण्याचे गायक व श्रोते परस्परांपासून तुटले. ही हानी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

याउलट संतूरचे भाग्य पाहावे. 1955 मध्ये शिवकुमार शर्मा यांनी मुंबईत संतूर वाजविले. रागसंगीताला अनुरूप असे बदल त्यांनी वाद्यात केले आणि 2022 मध्ये निधन होईपर्यंत त्याला जगभर मान मिळवून दिला. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु संतूरचा जयजयकार झाला म्हणून सूफियाना मौसिकी तगली, असा हिशेब मांडणे ही आत्मवंचना ठरेल. सूफियानाचे थोर उस्ताद गुलाम मोहम्मद साजनवाज यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. पदकाने एका कलावंताचा गौरव होतो. परंपरेचा निर्वाह होत नाही.

बाजारपेठ जे टिकवील तेच टिकावे, असे म्हणणारे आज पुष्कळ आहेत. बाजाराला चार मिनिटांची चाल हवी असते. मुकाम गळ्यात आणि हातात उतरायला वर्षे लागतात. त्या वर्षांचे भाडे, दाणागोटा आणि मुलांचे शिक्षण यांची तजवीज बाजार करीत नाही. मग उस्तादाचा मुलगा दुसरा धंदा पत्करतो. त्याला दोष कोणी द्यावा?

म्हणून मागणी महोत्सवांची नव्हे, वेतनाची असली पाहिजे. शाळांतून चकरी व भांडकला शिकविण्यासाठी याच कलावंतांना शिक्षक नेमावे. वृद्ध उस्तादांना निवृत्तिवेतन आणि शिकणाऱ्यांना पुरेशी शिष्यवृत्ती द्यावी. वाद्ये घडविणाऱ्या कारागिरालाही त्यात सामावून घ्यावे. अलीकडे मुलीही सूफियाना शिकू लागल्या आहेत. घराण्याच्या भिंती ओलांडणाऱ्या या प्रयत्नाला पाठबळ मिळणे अगत्याचे आहे.

सत्तेची टिंगल करणाऱ्या भांडाला आणि लडीशाहाला पूर्वी शेतकऱ्याने पोसले. सरकारी मानधन देताना त्यांच्या जिभेला लगाम घातला जाणार नाही, याची खबरदारी लोकांनीच घ्यावयाची आहे. काश्मीर आपले आहे असे उच्चरवाने सांगणाऱ्यांनी तेथील गायकाच्या ताटात काय आहे, हेही एकदा पाहावे.