विशेषणाची अन्विती आणि उसना बार्थ

संगीताविषयीची भाषा विशेषणाच्या आहारी गेली आहे, हा रोलां बार्थ यांचा १९७२ मधील आक्षेप मराठी समीक्षेत मंत्रासारखा उच्चारला जातो. उच्चारणाऱ्यांनी तो बहुधा स्टीफन हीथ यांच्या १९७७ च्या इंग्रजी अनुवादातून उचललेला असतो. आणि इंग्रजी विशेषणाला लिंग नाही. फ्रेंचमध्ये ते आहे. शार्ल पांझेरा हा पुरुष गायक. पण आवाजाचा वाचक शब्द ‘व्वा’ (मराठी कानाला तो उद्गारच वाटावा) स्त्रीलिंगी असल्याने त्याच्या आवाजाला मृदू म्हणताना ‘दू’ नव्हे, ‘दूस’ म्हणावे लागते. विशेषण गायकाकडे नव्हे, नामाकडे पाहते.

बार्थ यांनी सुचविलेला उपाय तरी कोणता? विशेषणे गाळणे नव्हे, तर ज्याविषयी बोलायचे ती वस्तूच बदलणे: आवाजाऐवजी त्याचा ‘ग्रँ’, म्हणजे पोत. हे नाम पुल्लिंगी. ते येताच ‘दूस’चे ‘दू’ होते. वस्तू बदलली की विशेषणही बदलते, हे इंग्रजी अनुवादात दिसणारच नाही.

मराठीच्या अभ्यासकाला मात्र ते दिसायला हवे होते. मोकळा आवाज, मोकळी तान, मोकळे गाणे अशी अन्विती त्याच्या जिभेवर आहे. पण आपल्या संगीतसमीक्षेत चलती आहे ती ‘मधुर’, ‘भावपूर्ण’ अशा कोणत्याही नामापुढे निर्विकार राहणाऱ्या तत्सम विशेषणांची. आणि विशेषणाचा धिक्कार करणारे लेखही त्यांनीच भरलेले असतात.