मुदतीची तारीख

ग्वाल्हेरच्या मुरारहून मावसभावाचा फोन. भाडेकरूला ३० दिवसांची नोटीस त्याने वर्डमध्ये लिहून पाठवली. छापील प्रत ठेवली नाही. महिन्याने फाइल उघडतो तर नोटिशीवर त्याच दिवसाची तारीख! "दादा, आता मुदत कुठून मोजू?"

वर्डचे 'डेट' फील्ड रोज बदलते. ते निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबले की तारीख कायम होते. लिबरऑफिस रायटरमध्ये तारखेपुढे किती दिवस मिळवायचे तेही भरता येते. वर्डमध्ये हे काम फार किचकट. मी आपला एक्सेलमध्ये ३० मिळवून उत्तर हाताने टाइप करतो. मुदत म्हणा की गडुवु, दिवसांतच लिहावी: ३१ जानेवारीनंतर 'एक महिना' म्हणजे नेमका कधी?

भावाला शेवटी स्पीड पोस्टाची पावती सापडली, गव्हाच्या डब्यामागे.