आपल्या पगारावर पिकणारी ज्वारी



फेब्रुवारी लागला की आमच्या शाखेच्या कार्यालयात रजेची प्रकरणे वाढतात. अर्जावर कारण 'घरगुती काम' असे लिहिलेले असते. खरे कारण असते ज्वारीची काढणी. सोलापूर, विजयपूर, कलबुर्गी या भागातून आलेला गँगमधला माणूस असो की पोस्टातला सॉर्टर, गावाकडे त्याचे दोन-चार एकर कोरडवाहू रान भाऊ कसत असतो. काढणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून नोकरदार भावाला बोलावणे येते. रजा नाकारली की तो युनियनकडे येतो आणि आम्ही साहेबांशी भांडतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी स्वतः आठ दिवसांची रजा काढून मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. आमच्या तीन एकरांत मालदांडी असते. मालदांडीची ताटे उंच, कडबा मोलाचा, त्यामुळे ती हातानेच उपटावी लागते. उपटायची, कणसे खुडायची, पेंढ्या बांधायच्या. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. रात्री ओट्यावर बसून धाकट्या भावाला म्हणालो, "यंदाचा हिशोब कागदावर मांडू." मी मॅट्रिक शिकलेला माणूस, पण पगारपत्रक तपासण्यात हयात गेली. एवढा हिशोब मला जमतो.

खर्च असा निघाला. ट्रॅक्टरची मशागत ६,०००, बियाणे व पेरणी २,४००, खत ४,०५०, खुरपणीच्या बायकांची मजुरी ६,०००, काढणी १५,०००, मळणी ३,०००, वाहतूक, हमाली व अडत मिळून १,६००. एकूण ३८,०५० रुपये.

पीक १४ क्विंटल आले. अडत्याने दर दिला क्विंटलला २,८०० रुपये. घरी खायला ठेवलेली ज्वारीही त्याच दराने धरली, तर झाले ३९,२०० रुपये. कडबा ९०० पेंढ्या, शेकडा १,५०० रुपयांप्रमाणे १३,५००. एकूण उत्पन्न ५२,७००. शिल्लक १४,६५० रुपये.

मग मी भावाचे आणि भावजयीचे दिवस मोजायला लावले. पेरणीपासून पाखरे राखण्यापर्यंत दोघांचे मिळून १२० दिवस भरले. म्हणजे दिवसाला १२२ रुपये पडले. खुरपणीच्या बाईला भावजयीने ३०० रुपये रोज दिला होता, आणि तो योग्यच होता. रानाच्या मालकिणीची मजुरी मात्र त्याच्या निम्मीसुद्धा नाही. जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या पैशावरचे व्याज तर आम्ही धरलेच नव्हते. भाऊ म्हणाला, "दादा, तू पगार मोजून घेतोस. आम्ही कधी मोजलाच नाही."

मी दरमहा २,००० रुपये गावी पाठवतो. पूर्वी मनिऑर्डर करायचो, आता बँकेतून जातात. वर्षाचे २४,००० झाले. ज्वारीच्या शिलकीपेक्षा ही रक्कम जास्त आहे. मला इतकी वर्षे वाटत होते की मी भावाला मदत करतो. कागद पाहिल्यावर कळले की बाजाराला जी ज्वारी स्वस्त मिळते, तिची तूट रेल्वे आणि पोस्टातल्या माणसाच्या पगारातून भरली जाते.

सरकारचा हमीभाव नाही काय? आहे. २०२४-२५ साठी मालदांडीचा हमीभाव ३,४२१ रुपये होता. तो मिळाला असता तर आमच्या घरात ८,६९४ रुपये जास्त आले असते. पण हमीभाव जाहीर होतो, त्या भावाने खरेदी होईलच असा कायदा नाही. शिवाय हा भाव काढताना हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढेच धरतात, त्यावर निम्मा नफा देतात. स्वामिनाथन आयोगाने २००६ साली उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त भाव सुचवला होता. खंड व व्याज धरून निघणाऱ्या पूर्ण खर्चावरचा भाव मात्र अजून कागदावरच आहे.

काही सहकारी विचारतात, ज्वारी महाग झाली तर आपलीच भाकरी महागणार ना? प्रश्न रास्त आहे. पण भावाने २८ रुपये किलोने दिलेली मालदांडी आमच्या वसाहतीजवळच्या दुकानात ५५ रुपयांना मिळत होती. मधले २७ रुपये भावाला मिळाले नाहीत आणि मलाही वाचले नाहीत. शिवाय महागाई वाढली की निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत व जुलैत आपला भत्ता वाढतो. तो आपण लढून मिळवलेला आहे. खत-डिझेल महागले म्हणून भावाला कोणता भत्ता मिळतो?

कोणी म्हणेल, दुसरे पीक घ्यावे. उसाला पाणी नाही. काळ्या रानातल्या ओलीवर, पाऊस नसताना उभी राहते ती ज्वारीच. हरभरा येतो, पण त्याने कडबा मिळत नाही. कडबा गेला की दावणीची जनावरे जातात. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. सत्कार पुष्कळ झाले, पण भावाच्या कागदावरचा आकडा त्यांनी हलला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. हमीभावाची खरेदी केंद्रे ज्वारी खळ्यात असतानाच उघडावीत, अडत्याकडे गेल्यावर नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे, तर ज्वारी खाणाऱ्या जिल्ह्यांत रेशनवर ती बारमाही द्यावी. कधीतरी काही महिने देऊन भागणार नाही. आणि तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्या ग्राहक सोसायट्यांनी व कॅन्टीनने हंगामात सभासदांच्या गावाहून थेट ज्वारी घ्यावी. ३५ रुपये भावाला दिले आणि वाहतूक धरून ४५ ला विकली, तरी दोघांचा फायदा आहे.

या तीन मागण्यांचा ठराव आमची शाखा पुढच्या अधिवेशनात मांडणार आहे. इतर शाखांनीही आपापल्या गावचा हिशोब कागदावर मांडून सोबत आणावा. आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण कोणा शेतकऱ्याचा भाऊ किंवा मुलगा आहे. त्याच्या १२२ रुपयांचा प्रश्न आपल्या मागणीपत्रात यायलाच हवा.