विकताना अँटिक, घेताना मोड

१८६२ सालचा राणीछाप रुपया दुर्मीळ नाही. धनत्रयोदशीच्या आठवड्यात ठाण्याच्या गोखले रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या बाजारपेठेत हे वाक्य कुणी मोठ्याने म्हणत फिरलं तर त्याला हाकलून देतील, म्हणून इथे लिहितो. हा रुपया पाडायला १८६२ मध्ये सुरुवात झाली आणि पुढे १८७४ पर्यंत साच्यावरचं साल कुणी बदललंच नाही. बारा वर्षं टाकसाळी चालल्या आणि सगळा माल एकाच सालाच्या नावावर जमा झाला. कोट्यवधी नाणी. साच्यांतले बारीक फरक ओळखणारे संग्राहक त्यातल्या काही प्रकारांना जास्त पैसे मोजतात, हे खरं. पण तो फरक काउंटरमागच्या माणसाला ठाऊक नसतो आणि समोरच्या गिऱ्हाइकालाही नसतो. तरीही नाणं मखमली डबीत घालून 'दीडशे वर्षांपूर्वीचं आहे' असं म्हटलं की मेथीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी भाजीवालीचं डोकं खाणारा आमचा डोंबिवलीकर निमूटपणे पाकीट काढतो. नुसतं वय झालं म्हणून नाण्याची किंमत वाढत नाही. माणसांचीही वाढत नाही, पण ते असो.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्या काळी चलनात असलेल्या कंपनीच्या रुपयावर साल होतं १८४०. तेही असंच गोठलेलं, १८६२ चा रुपया येईपर्यंत. आणि कंपनीचा तो रुपयाही आज हवा तेवढा मिळतो.

आता हिशेब करू, कारण हिशेब सोडून बाकी सगळं ही दुकानदार मंडळी बोलतात. १८३५ च्या कायद्यापासून १९३९ पर्यंतचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली होती. सोयीसाठी तोच दीड लाख धरला तर या रुपयातली चांदी होते सोळाशेची. भाव बदलला की गुणाकार बदला, गुणाकाराला पदवी लागत नाही. सामान्य सालाचा, चलनात फिरून झिजलेला रुपया या आकड्याच्या वर फार चढायचं काही कारण नाही.

खरी हातचलाखी पुढे आहे. १९४० ते १९४५ चा राजाछाप रुपया वजनाला तेवढाच, दिसायला तसाच, पण चांदी निम्मी. महायुद्धात सरकारला चांदी वाचवायची होती. त्या रुपयात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम, म्हणजे त्याच दीड लाखाच्या भावाने पावणेनऊशेच्या आत. दुकानात मात्र राणी आणि राजा एकाच ट्रेमध्ये, एकाच भावाने, 'सगळे प्युअर सिल्व्हर'. आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटतं. तोसुद्धा मी लक्ष्मीपूजनाच्या ताटात 'चांदीचा' म्हणून पुजलेला पाहिला आहे. लक्ष्मीने सांभाळून घेतलं असेल. ती उदार आहे.

गेल्या दिवाळीत कल्याणात एका दुकानात शिरलो. झिजलेला राणीछाप होता.

"केवढ्याला?"

"चार हजार. अँटिक आहे काका, चांदीच्या भावाशी लावू नका."

"घरी असेच आहेत माझ्याकडे. आणू विकायला?"

"आणा ना. वजनावर घेऊ. थोडी तूट जाईल."

माझा सगळा राग या चार वाक्यांवर आहे. तेच नाणं, तोच काटा, तोच माणूस. काउंटरच्या पलीकडून अलीकडे आलं की पुरातन वस्तू, अलीकडून पलीकडे गेलं की मोड. दुकानदाराला नफा नको असं कोण म्हणतंय? भाडं आहे, नोकर आहेत, भांडवल अडकतं. पण नफा हा एकाच मोजपट्टीवर घ्यायचा असतो. विकताना इतिहासाने मोजायचं आणि घेताना तराजूने, याला व्यापार म्हणत नाहीत. आणि 'अँटिक' एवढं ठासून म्हणायचंच असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही माहीत असावा. शंभर वर्षांवरचं नाणं त्या कायद्याने पुरावशेष ठरतं आणि पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो. तो दाखवा म्हटलं की अँटिकची क्षणात पुन्हा चांदी होते.

आपल्या सराफीची जुनी रीत फार सात्त्विक होती असं मी म्हणणार नाही, पण ती हिशेबी होती. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, सुरती असे किती तऱ्हांचे रुपये बाजारात फिरत. सराफ प्रत्येकाचा कस पाहून बट्टा ठरवी आणि गिऱ्हाइकाला तो बट्टा ठाऊक असे. भांडण व्हायचं ते बट्ट्याच्या आकड्यावरून. आज आकडाच सांगत नाहीत, गोष्ट सांगतात.

ठाण्यात गोष्टींना तोटा नाही. श्रीस्थानक ही शिलाहारांची राजधानी, त्यामुळे कुठलाही गधैया पैसा इथे 'शिलाहारकालीन शुद्ध चांदी' होतो. गधैया गुजरात, राजस्थान, माळव्यापासून कोकणापर्यंत कित्येक शतकं पाडला गेला आणि त्यातली चांदी उतरतच गेली. शिलाहार राजा छित्तराजाचं नाव असलेली नाणी अभ्यासकांना माहीत आहेत, पण ती विरळ. नाव नसलेला पैसा ठाण्याचाच, हे कशावरून? ठाणेकराच्या अभिमानावरून. त्यापुढची पायरी म्हणजे चांदीची शिवराई. महाराजांची शिवराई तांब्याची आणि होन सोन्याचा. चांदीची शिवराई म्हणून हातात ठेवतात ती हल्लीची आठवणवस्तू असते. भक्तीने घ्या, पण इतिहासाच्या भावाने घेऊ नका.

मोबाइलवर 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' असं ओरडणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं लाखांना विकलं जाईल असं मानून कुणी आधी 'नोंदणी फी' भरत असेल, तर त्याला लेख वाचूनही अक्कल येणार नाही. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

इथवर वाचून माझे संग्राहक मित्र खूश असतील. दुकानदाराला झोडलं की त्यांना बरं वाटतं. आता त्यांची पाळी.

नौपाड्यात आणि डोंबिवलीत जुन्या इमारती पाडून टॉवर चढताहेत. घरं रिकामी होतात, माळे रिकामे होतात आणि पितळी डब्यातून आजेसासूबाईंचे रुपये बाहेर येतात. तिथे हे जाणकार हजर. "आजी, आजच्या चांदीच्या भावाने घेतो, एक पैसा कापत नाही." आजी म्हणते, किती भला मुलगा. त्या डब्यात सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया असतो. पूर्ण चांदीचा, मुंबई टाकसाळीचा आणि खरोखर विरळ. इतका, की १९३८ च्या नाण्यावरचा शेवटचा आकडा कोरून त्याची नक्कल करतात. किंवा १९११ चा 'डुक्कर रुपया' असतो. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. हे त्याला सगळं ठाऊक असतं. आजीला काही ठाऊक नसतं. आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो: 'चांदीच्या भावात मिळाला!!' खाली अंगठ्यांची रांग.

हे म्हणतात, वीस वर्षं अभ्यास केला त्याची ही कमाई. अभ्यासाची किंमत मलाही मान्य आहे. लिलावात हे नाणं जेवढ्याला जाईल असं वाटतं त्याच्या साठ-सत्तर टक्के आजीच्या हातावर ठेवा, उरलेलं तुमचं. मी तुम्हाला लबाड म्हणणार नाही. पण तिच्या हातात काय आहे हे तिला सांगून. न सांगता काट्यावर घेतलं तर तो अभ्यास नाही, ती चोरी आहे. कल्याणच्या त्या दुकानदारात आणि तुमच्यात फरक एवढाच, की त्याने गाळ्याचं भाडं भरलं होतं.

उलट टोकालाही हीच मंडळी फसवतात. लिलावाच्या यादीत टाकसाळीतून आल्यासारखं कोरं करकरीत नाणं मोठ्या रकमेला गेलेलं असतं. ती छापील किंमत दाखवून कडी काढून टाका घासलेलं, राणीचं नाक बसलेलं नाणं नवशिक्याच्या गळ्यात मारतात. साल एकच असलं तरी दोन नाण्यांत दहापट फरक पडू शकतो, हे सांगायला मात्र कुणाचं तोंड उघडत नाही.

तेव्हा डबा ज्यांच्या घरी निघेल त्यांनी आधी तो घासायचा मोह आवरावा. पावडरने चमकवलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी मेलेलं असतं. साल वाचा, वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि सराफाखेरीज एखाद्या नाणे-व्यापाऱ्याला व लिलाव करणाऱ्या संस्थेलाही विचारा. गांधी शताब्दीचा १९६९ चा दहा रुपयाही डब्यात पाहा. पंधरा ग्रॅमचं ते नाणं ऐंशी टक्के चांदीचं आहे आणि पोरं ते सुटे म्हणून देऊन टाकतात. 'आजच द्या, उद्या भाव पडेल' असं म्हणणाऱ्याला दार दाखवा. आणि विकत घेणार असाल तर पावतीवर साल, वजन, कस लिहून मागा, आणि हेच नाणं महिन्याने परत आणलं तर काय द्याल तो आकडाही. लिहून देत नसेल तर त्या दिवसाचा चांदीचा भाव द्या. वर एक रुपया देऊ नका.